दोष आढळला नाही

सायकलचे मागचे दिवे बनवणाऱ्या कारखान्यात मी अकरा वर्षं काढली आहेत, आणि खोक्यावर ‘वर्षानुवर्षे साथ’ असं जे छापलेलं असतं ते वाचून मला अजूनही हसू येतं. ते लिहिणाऱ्याने जन्मात सायकल चालवली नसावी. माझं टेबल परत आलेल्या मालाचं. दुकानदार तक्रारीचे दिवे गोळा करून पाठवतात आणि ते खोकं माझ्यासमोर येऊन आदळतं. नवीन दिवे तपासणाऱ्या मुली खिडकीपाशी बसतात. त्यांच्याकडे उजेड असतो, गप्पा असतात. माझ्या वाट्याला चिखल.

लोकांना वाटतं, दिवा पडून फुटतो. छे! पडून फुटलेले दिवे मी बोटांवर मोजण्याइतके पाहिले असतील. पाणीसुद्धा वरून शिरत नाही, चाक ते खालून उडवतं आणि झाकणाची रबरी कड खालच्याच बाजूला आधी सैल होते. पण खरा घात करतो तो रस्ता. शहरातला रस्ता म्हणजे नुसती ठिगळं. प्रत्येक ठिगळावर दिव्यातले दोन सेल उडतात आणि मागच्या स्प्रिंगवर आपटतात. हे दिवसातून हजार वेळा. स्प्रिंग बिचारी किती दिवस तग धरणार? वर्ष-दीड वर्षात ती बसते, सेल आणि वीज नेणारी पत्र्याची पट्टी यांच्यात केसाएवढी फट पडते, आणि बटण दाबलेलं असूनही दिवा विझतो. चालवणाऱ्याला याचा पत्ताच नसतो, कारण तो पुढे बघत असतो. ज्याच्या जिवासाठी दिवा लावलेला असतो, नेमका त्यालाच तो दिसत नाही.

माझं काम सात हालचालींचं आहे. फडक्याने दिवा पुसायचा. बटण आत, म्हणजे चालू, असेल तर दाबून बाहेर काढायचं. झाकण उघडायचं, सेल काढायचे, अंगठ्याच्या नखाने स्प्रिंग वर उचलायची, पट्टीवरचा काळेपणा पात्याने खरवडायचा, नवे सेल घालून बटण दाबायचं. दहातले आठ दिवे लख्ख पेटतात. मग मी चिठ्ठीवर शिक्का मारते, ‘दोष आढळला नाही’, आणि तो दिवा ज्याचा त्याला परत जातो. खरं तर दोष होता, तो मी आत्ताच नखाने काढला. पण असं लिहायला चिठ्ठीवर जागा नाही, आणि फोरमन म्हणतो तसं, पेटतोय ना? मग झालं तर. दिवसाला साठ दिवे. पहिल्या वर्षी मी हाताकडे बघून काम करायचे. नंतर हात आपले आपण करायला लागले आणि मी डोक्यात काहीतरी दुसराच विचार करत बसायला लागले. याचा मला चक्क अभिमान होता.

दादा माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. तो दातांच्या लॅबसाठी सायकल चालवायचा. दवाखान्यात लोकांच्या जबड्याचे साचे घेतात, ते लॅबमध्ये पोचवायचे आणि तयार झालेल्या कवळ्या दवाखान्यांत नेऊन द्यायच्या, हे त्याचं एकोणीस वर्षांचं काम. “आख्खं गाव माझ्या पाठीवर हसतंय,” असं तो म्हणायचा, आणि पिशवी हलवून आतल्या डब्या वाजवून दाखवायचा. हा विनोद आम्ही इतक्यांदा ऐकला होता, की वहिनी त्याच्या आधीच हसून मोकळी व्हायची.

पण कामात माणूस काटेकोर. एक साचा कधी फुटला नाही, एक कवळी कधी चुकीच्या तोंडात गेली नाही. अंधारू लागलं की प्रत्येक थांब्यावरून निघताना तो खाली वाकायचा, दिव्याचं बटण दाबायचा आणि दिव्यामागे तळहात धरायचा. हातावर लाल उजेड पडला की मगच टांग मारायची. त्याच्या लॅबमध्ये भिंतीवर नियमच लावला होता की विनादिव्याचा माणूस दुसऱ्या दिवशी कामावर नाही. दादाला त्या नियमाची भीती कधी वाटली नाही, उलट नव्या पोरांना तोच तो वाचून दाखवायचा.

त्याच्या सायकलवरचा दिवा मीच दिलेला. परत आलेल्यांपैकी एक, मालक गेला पत्ता न ठेवता, म्हणून फोरमनने मला नेऊ दिला. तीन वर्षं झाली असतील. मध्ये एकदा तरी उघडून स्प्रिंग बघायला हवी होती, हे मला माहीत होतं. साठ परक्यांचे दिवे रोज उघडत होते, पण घरच्या दिव्याकडे बघायला सवड झाली नाही. सवड नाही म्हणजे काय, सुचलंच नाही.

अपघात झाला तो संध्याकाळी, दुकानांच्या पाट्या नुकत्या पेटत होत्या तेव्हा. पुलाच्या उतारावर एका व्हॅनने त्याला मागून उडवलं. खुबा मोडला, उजवा हात मनगटापाशी दोन ठिकाणी मोडला. रस्ताभर साचे फुटले, आणि म्हणे एक बाई गाड्या थांबवून कवळ्या वेचत होती. व्हॅनवाल्याने पोलिसांना एकच वाक्य सांगितलं, “मागे दिवा नव्हता हो, दिसलाच नाही.” दादा शुद्धीवर आला आणि त्याने पहिलं वाक्य उच्चारलं ते हे, “मी दिवा लावला होता. हात धरून बघितला होता.”

डॉक्टरांनी सांगितलं की पाय पुन्हा पायडल मारणार नाही. हातही जड काम करणार नाही. लॅबमध्ये एक टेबल रिकामं होणार होतं, साच्यांच्या कडा घासून गुळगुळीत करायचं बसकाम. एकोणीस वर्षं ज्या माणसाने ते साचे उराशी धरून नेले त्याला ते टेबल मिळावं यात कुणाला काही वावगं वाटलं नसतं. लॅबच्या मॅडमनाही नाही. त्या स्वतः दवाखान्यात येऊन गेल्या होत्या. वाईट बाई नाहीत त्या. मला बाहेर घेऊन म्हणाल्या, “हे बघा, दिवा बिघडला असेल तर त्यांचा काही दोष नाही, टेबल त्यांचंच. पण लावलाच नसेल, तर नियम एकाला एक आणि दुसऱ्याला एक असं मला नाही करता येणार. बाकीची पोरं बघतायत. तुम्ही दिव्यांच्याच कारखान्यात आहात ना? तुमच्या फोरमनकडून लिहून आणा, दिवा बिघडलेला होता असं. मला तेवढं पुरे.”

मला वाटलं, देव पावला. सगळ्या शहरात बंद पडलेल्या दिव्याचं पोट फाडून बघणारी बाई एकच, आणि ती मी. बटण आत दाबलेलं आणि स्प्रिंग बसलेली, एवढं फोरमनला दाखवलं की काम फत्ते.

दवाखान्यातून मिळालेली दादाची पिशवी वहिनीने तशीच कपाटावर ठेवली होती. कापलेला शर्ट, एक बूट, आणि मडगार्डच्या तुकड्यासकट दिवा. तिने तो जुन्या रुमालात गुंडाळून मला दिला.

“मी बघितलासुद्धा नाही,” ती म्हणाली. “माझा हात लागून काही हललं बिललं तर नको. ते म्हणतात ना लावला होता, मग लावला होता. तुम्ही फक्त तिथे दाखवा.”

“तू काळजी करू नकोस,” मी म्हटलं. “उद्या संध्याकाळी चिठ्ठी तुझ्या हातात.”

दुसऱ्या दिवशी मी लवकरच गेले. फोरमन आला नव्हता. मी रुमाल सोडला आणि दिवा टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात ठेवला. मुद्दाम वेगळा. तेवढ्यात खोकं आलं, नेहमीचं. मी काम सुरू केलं, कारण हात रिकामे ठेवून बसायची मला सवय नाही. डोक्यात सारखं चाललं होतं की फोरमनला कुठून सुरुवात करून सांगायचं, आधी मॅडमचं सांगावं की आधी दिवा दाखवावा, तो कुरकुर करेल, मग आपण म्हणायचं, अहो तुमच्याच घरचा माणूस असता तर. खिडकीपाशी कुणीतरी काहीतरी बोललं, मी हसून उत्तरही दिलं. खोक्यातले दिवे एकेक करून डाव्या हाताला येत होते, उजव्या हाताने पलीकडे जात होते.

आणि डोळ्यांवर लाल उजेड आला. समोर धरलेल्या दिव्याला मडगार्डचा तुकडा लटकत होता.

पुसलेला होता. उघडून बंद केलेला होता. पात्यावर ताजा काळा भुगा होता. जुने सेल मी डब्यात टाकले होते, त्या डब्यात सकाळपासूनचे वीस-पंचवीस सेल पडले होते आणि सगळे एकाच जातीचे. स्प्रिंग वर उचललेली होती. नवीन असल्यासारखी ताठ. मी दिवा खाली ठेवला, पुन्हा उचलला, बटण दाबून विझवला. जणू विझवल्याने काही परत येणार होतं.

मग मी आठवायला बसले. बटण आत होतं का? आत असेल, तर माझ्या अंगठ्याने ते दोनदा दाबलं असणार, एकदा सुरुवातीला बाहेर काढायला आणि एकदा शेवटी. बाहेर असेल, तर फक्त शेवटी. एक खटका की दोन? सांगा ना, रोज जेवताना तुम्ही किती घास खाता? स्प्रिंग बसलेली होती का? मला काय माहीत! मी प्रत्येक स्प्रिंग उचलते, बसलेली असो वा नसो. शंभर वर्षं आठवत राहिले असते तरी त्या अंगठ्याने मला काही सांगितलं नसतं. ज्या एका दिव्यासाठी डोळे उघडे ठेवायचे, तोच मी डोळे मिटून दुरुस्त केला होता.

फोरमन आला. मी त्याला सगळं सांगितलं, पण शेवटी म्हणाले, “बटण आतच होतं. मी काढलं बाहेर.”

“पाहिलंस?” त्याने विचारलं.

अकरा वर्षांत मी त्याला कामात खोटं बोलले नव्हते, आणि आता ‘पाहिलं’ म्हणायला जीभ उचलेना. त्याने खुर्ची ओढली. दिवा हातात घेऊन झाकण उघडलं, आत बघितलं, बंद केलं, टेबलावर तीन वेळा आपटला. दिवा जळत राहिला. माझं काम चांगलं आहे.

“ही स्प्रिंग मी पुन्हा दाबते,” मी म्हटलं. “होती तशी करते. मग बघा.”

“आणि पट्टी? ती चकचकतेय. तिच्यावर तीन वर्षांचा काळेपणा कुठून आणशील?” तो हळू आवाजात बोलत होता, मुली ऐकतील म्हणून. “अगं, मी नाही म्हणत नाही. पण मी सही करायची ती कशाखाली? मी पाहिला तो पेटलेला दिवा. उद्या त्या बाईंनी हाच दिवा माझ्यासमोर धरला तर मी तोंड कुठे लपवू?”

मी दातांच्या कण्या केल्या. दादाचं दुखणं, वहिनीचं घर, सगळं काढलं, जे काढू नये तेही काढलं. त्याने मान खाली घातली आणि शेवटी चिठ्ठी ओढून घेतली. त्याला दुसरं काही लिहिता येत नव्हतं हे मला कळत होतं. त्याने शिक्का मारला, माझाच शिक्का, आणि चिठ्ठी माझ्याकडे सरकवली. मी ती घेतली. करायला गेले एक आणि झालं भलतंच, असं लोक सहज म्हणतात. मला त्या दिवशी ती म्हण अंगावर धावून आल्यासारखी वाटली.

चिठ्ठी फाडून टाकता आली असती. पण मॅडम वाट बघत होत्या. मी दिवा आणि चिठ्ठी दोन्ही घेऊन लॅबमध्ये गेले आणि जे घडलं ते तसंच्या तसं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मध्ये एकदाही घड्याळ बघितलं नाही. मग त्यांनी दिवा हातात घेतला, बटण दाबलं, हलवून पाहिला. भिंतीवरच्या दातांच्या साच्यांवर लाल उजेड फिरला.

“किती छान पेटतोय,” त्या म्हणाल्या. आणि मग, माझ्याकडे न बघता, “बहिणीला असं वाटणारच हो.”

म्हणजे मी खरं बोलले आणि त्यांना वाटलं, भावासाठी कहाणी रचली. खोटं बोलले असते तर निदान कागद तरी मिळाला असता.

घरी दादा उशीला टेकून बसला होता, उजवा हात प्लॅस्टरमध्ये. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. “मिळाली का चिठ्ठी?” तिने दारातच विचारलं. वाटेत मी ठरवलं होतं की फोरमनवर ढकलायचं, तो सही करत नाही म्हणायचं. पण दादाने नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि मी रडायलाच लागले. रडत रडत सगळं सांगितलं. सात हालचाली. डब्यातले सेल. एक खटका की दोन.

मला वाटलं दादा चिडेल, आणि त्याने चिडावं असं मला फार वाटत होतं. लहानपणी मी त्याचा पतंग फाडला तर त्याने मला अख्खी गल्ली पळवलं होतं.

“पेटला म्हणजे, लगेच पेटला?” त्याने विचारलं.

“मी दुरुस्त केला म्हणून पेटला, दादा.”

“पण तुला नक्की माहीत नाही ना, बिघडलेला होता की नाही ते?”

“नाही माहीत.”

“हं.” तो आपल्या प्लॅस्टरकडे बघत राहिला. “त्या दिवशी शेवटचा दवाखाना बंद होत आला होता. त्यांनी घाईघाईत डबी दिली. मी पायऱ्या उतरलो, पिशवी लावली...” तो थांबला. “हात धरला होता का मी? रोज धरतो म्हणून मला तसं वाटतंय की काय?”

“तू धरला होतास! तू शुद्धीवर आल्या आल्या सांगितलंस.”

“सवयीनं सांगितलं असेन गं. तुझा हात जसा चालतो, तसा माझाही चालतो की. मी रोज लाल उजेड बघतो. त्या दिवशीचा कुठला आणि आदल्या दिवशीचा कुठला, कसं सांगू?”

मला ओरडून सांगायचं होतं की नाही, तू लावला होतास. पण मी कशाच्या जोरावर सांगणार होते? त्याला लागणारा एकच पुरावा होता आणि तो मी फडक्याने पुसला होता. मी तोंड उघडलं आणि मिटलं. त्याने ते पाहिलं. मला वाटतं, त्याच क्षणी त्याचं नक्की झालं.

“मीच विसरलो असेन,” तो म्हणाला.

मी वहिनीकडे बघितलं. गेले पाच आठवडे ती एकटी सगळ्यांशी भांडत होती. व्हॅनवाल्याशी, पोलिसांशी, स्वतःच्या सख्ख्या भावाशी, हे कधी विसरत नाहीत म्हणून. आता ती उठली, त्याच्या शेजारी बसली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “असू दे हो. माणूसच आहे. विसरतो कधीतरी.” तिच्या आवाजात सुटका होती. भांडून भांडून दमली होती ती. जे त्याने केलंच नसावं त्याबद्दल तिने त्याला इतक्या मायेने माफ केलं, की मला तिथे बसवेना.

दोन दिवसांनी त्याने मला बोलावून घेतलं. मॅडमना पत्र लिहायचं होतं. त्याला वाटत होतं की उगाच हट्ट धरला म्हणून त्या नाराज झाल्या असतील, स्वतःहून चूक कबूल केली तर अजूनही टेबलाचं काही होईल. त्याचा हात चालत नव्हता म्हणून तो सांगत गेला आणि मी लिहीत गेले. “त्या संध्याकाळी मी दिवा लावायला विसरलो. दोष सर्वस्वी माझा आहे.” माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात. त्याने डाव्या हाताने खाली वेडीवाकडी सही केली.

पत्र मीच नेऊन दिलं. मॅडमनी ते उभ्या उभ्या वाचलं आणि त्यांचे डोळे भरून आले. खरंच भरून आले, मी पाहिलं. “खरं बोलायला धैर्य लागतं,” त्या म्हणाल्या. “मला त्यांच्याबद्दल आदरच वाटतो. पण आता तर त्यांनी स्वतःच लिहून दिलंय. आता मी त्यांना ठेवलं तर भिंतीवरची ती पाटी काढून टाकावी लागेल.” त्यांच्या मागे, खिडकीजवळच्या टेबलावर, एक अनोळखी माणूस साच्याची कड घासत बसला होता. तो नुकताच लागलेला असावा. हात अजून अडखळत होता.

परतताना मी चालत आले. काय सांगायचं ते ठरवायला वेळ हवा होता, पण ठरवण्यासारखं काही नव्हतंच. दादा जागा होता. मी पलंगाच्या कडेला बसले आणि सांगितलं, की त्या नाही म्हणाल्या.

त्याने मान डोलावली. मला धीर द्यावा तसा माझ्या पाठीवर डावा हात ठेवला.

“बरोबरच आहे त्यांचं,” तो म्हणाला. “दिवा न लावता फिरणाऱ्या माणसाला कोण कामावर ठेवेल?”